नाव बैलाचं, हात कुणाचा?

प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्याच तासाला सरांनी एकेकाला उभं करून छंद विचारला होता. कुणी वाचन म्हणालं, कुणी क्रिकेट. एका मुलीनं 'निसर्गनिरीक्षण' असं सांगून सगळ्यांना गार केलं. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच बोललो. "सर, शर्यती." सरांना वाटलं, पोरगं धावण्याच्या शर्यतीत असेल. "शंभर मीटर की दोनशे?" त्यांनी विचारलं. "बैलांच्या, सर." सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण मग म्हणाले, "छंद आहे ना? मग एकदा त्याच्यावर लिहून दाखव." तोच हा लेख. त्याला वर्षभर उशीर झाला. उशिराला कारण आहे, ते पुढं येईलच.

आमचं घर भवानीनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. हंगामात वडील टायरगाडीनं ऊस वाहतात. हंगाम सरला की मिळेल ते काम. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. घरात पुस्तकं नव्हती, पण बैलाचे दात मात्र सगळ्यांना वाचता येत. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत, दोन दात आले तो दुसा, चार आले तो चौसा. बाराखडीच्या आधी मी हे शिकलो. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गोठ्यात नेऊन खिल्लार खोंड दाखवायचं, ही आमची रीत. तेव्हा शर्यतीचा नाद मला कुणी लावला, असं विचारू नये. मासोळीला पोहण्याचा नाद कोण लावतो?

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणे जिल्ह्यातच शर्यतीच्या दोन तऱ्हा आहेत. खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात गाड्याला चार बैल असतात, गाड्यात माणूस नसतो, पुढं घोडीवर स्वार असतो. घाटात एकेक गाडा सोडतात आणि सेकंद मोजतात. तिथं बैलाची झुंज घड्याळाशी. आमच्या बारामती-इंदापूरकडं आणि पुढं फलटण, माण, सांगलीपर्यंत दोन बैलांची हलकी छकडी असते. माळावर नांगरून तासं आखलेली असतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटात सात-आठ गाड्या, झेंडा पडला की सगळ्या एकदम सुटायच्या. गटातली पहिली गाडी सेमीला, सेमीतली फायनलला. आपलं तास सोडून दुसऱ्याच्या तासात शिरली की गाडी बाद. आणि या छकडीवर एक माणूस असतो. त्याला आमच्याकडं 'ड्रायव्हर' म्हणतात. गाडीवान म्हटलं तर तो ऊस वाहणारा!

हा लेख त्या ड्रायव्हरबद्दल आहे.

शर्यतीच्या मैदानात कर्ण्यावरून काय ऐकू येतं ते आठवून बघा. बैलाचं नाव येतं, मालकाचं येतं, गावाचं येतं, मालकाच्या पुढाऱ्याचंही येतं. 'बकासुर' हे बैलाचं नाव आज शाळकरी पोरांना पाठ आहे. त्याची चित्रं मी रिक्षाच्या काचेवर पाहिली आहेत. सांगली जिल्ह्यात २०२३ साली पहिल्या नंबराला थार गाडी ठेवली होती, तेव्हा तर महिनाभर आमच्या एस.टी.त दुसरा विषय नव्हता. पण गाडीवर कोण होता, असं विचारलं की दहांतले आठ जण गप्प. मला ही गोष्ट पहिल्यापासून खटकत आली आहे. बैल मोठा, यात शंकाच नाही. पण नुसत्या बैलानं शर्यत जिंकता आली असती तर तोच बैल ड्रायव्हर बदलला की मागं का पडतो?

बघ्या म्हणून माझी काही मतं आहेत. ती मैदानाच्या कडेला, उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून तयार झाली आहेत, तेव्हा त्यांना शास्त्र समजू नये.

पहिलं मत असं, की ड्रायव्हरची निम्मी परीक्षा झेंडा पडायच्या आधीच होते. शेजारी सात गाड्या, पन्नास माणसांचा ओरडा, हलगीचा कडकडाट, आणि दोन खिल्लार बैल पायानं माती उकरताहेत. अशा वेळी कासरा आवळून धरला तर बैल मागं रेटतो आणि सुटताना पहिली ढेंग वाया जाते. सैल सोडला तर झेंड्याआधीच निघतो. चांगला ड्रायव्हर या वेळी बैलाशी हळू बोलत असतो. काय बोलतो ते मी जवळ जाऊन ऐकलं आहे. त्यात विशेष काही नसतं. "थांब रं माझ्या राजा, थांब, आलं, आलं." एवढंच. पण बैलाचे कान त्या आवाजाकडं वळलेले असतात.

दुसरं मत वजनाचं. छकडी म्हणजे तराजू. ड्रायव्हर फार मागं सरकला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढं आला तर सगळा भार खांद्यावर. धावत्या गाडीवर बोटभर पुढं, बोटभर मागं असं त्याला सतत सरकावं लागतं. लोकांना वाटतं, तो नुसता चिकटून बसला आहे.

तिसरं मत शर्यत संपल्यावरचं. निकालाच्या रेषेपुढं माणसं उभी असतात आणि गाडी तर वाऱ्यावर असते. तिथं ती कुणाला न चिरडता थांबवणं हे पहिल्या नंबराहून अवघड. आणि थांबल्यावर ड्रायव्हर उडी मारून पहिल्यांदा कुणाकडं जातो, तेही मी बघतो. बैलाच्या तोंडाकडं गेला तर तो माझा माणूस. मोबाइल धरलेल्या पोरांकडं गेला तर तो त्यांचा.

मागच्या पावसाळ्यात मामानं मला पुण्याचं रेसकोर्स दाखवलं. मामा तिथं तबेल्यात घोड्यांच्या चाकरीला आहे. पुण्याची रेस पावसाळ्यात, मुंबईची हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. घोड्यांबरोबर मामाचं बिऱ्हाडही हिंडतं. पहिल्या रेसलाच मी चकित झालो ते घोड्यांमुळं नव्हे. घोडे देखणे होतेच. चकित झालो ते हातातल्या पुस्तिकेमुळं. तिच्यात घोड्याच्या नावापुढं जॉकीचं नाव छापलेलं होतं! त्यानं किती वजन घेऊन बसायचं तेही. वजन कमी पडलं तर खोगिराबरोबर शिसं घालून ते पुरं करतात, आणि रेस झाल्यावर जॉकीला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभं करतात. कुणी आडवा घोडा घातला, चाबूक जास्त चालवला, तर पंच चौकशी करतात, दंड करतात, काही दिवस बसू देत नाहीत. म्हणजे श्रेयही नावावर आणि दोषही नावावर.

मामाला जॉकींचा इतिहास तोंडपाठ. पांडू खाडे, वसंत शिंदे ही आपली मराठी नावं त्यानं अशी घेतली, जशी आमच्याकडं पैलवानांची घेतात. पेसी श्रॉफ यांनी आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली, हे सांगताना त्यानं आठ बोटं वर केली. ही डर्बी १९४३ सालापासून महालक्ष्मीला होते. आणि कार्ल उमरीगर. हा पोरगा १९७९ साली महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. तेव्हा तो जेमतेम माझ्या वयाचा होता. पुढं त्याच्या नावानं करंडक ठेवला गेला. मामा हे सांगत असताना मला आमचे तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. एके काळी सात-आठ गावांत त्यांच्यासारखा ड्रायव्हर नव्हता, असं मी म्हटलं तर तो पुतण्याचा पक्षपात होईल. पण लांबलांबचे मालक त्यांना न्यायला गाडी पाठवीत, हे मी पाहिलं आहे. तात्या शर्यतीला हातात काही घेत नसत. तळहातावर माती चोळायची, कासरा धरायचा, बस्स. २०१४ च्या चैत्रातल्या एका यात्रेत शेजारची गाडी त्यांच्या तासात घुसली आणि चाकात चाक अडकलं. तात्या खाली आले, वरून चाक गेलं. मी तेव्हा आठ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर होतो. कर्ण्यावरून ऐकू आलं, "बैलाला काही झालेलं नाही, बैल सुखरूप आहे!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैल सुखरूप होता याचा आनंद तात्यांनाही झाला असणार. पण त्यांच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आजही ते डावा पाय ओढत चालतात.

त्यानंतर महिन्याभरातच, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. बैलाच्या शरीराची घडण शर्यतीसाठी नाही, त्याला वेदना देऊनच पळवलं जातं, असं न्यायालयाचं म्हणणं. आमच्याकडं त्या दिवशी जणू सुतक पडलं. पारावर सगळे एकच बोलत, "शहरातल्या लोकांना काय कळतंय बैलातलं?" मीही तेच बोलत मोठा झालो. रेसचा घोडा चाबूक खातो ते चालतं, आणि आमच्या बैलाचंच का दुखतं, हा सवाल मी आठवीतल्या वक्तृत्व स्पर्धेत टेबलावर हात आपटून विचारला होता आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं. पळाऊ खोंडांना गिऱ्हाईक राहिलं नाही. तात्यांचा सोन्या वडिलांनी मिळेल त्या किमतीला विकला. तो कुठं गेला, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

२०१७ साली राज्यानं कायदा बदलला, तरी प्रकरण न्यायालयात अडकलंच. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली. आमच्याकडं त्या रात्री फटाके वाजले. तात्यांनी उसनवारी करून एक खोंड घेतलं आणि जोडीला पाहुण्यांचं दुसरं. मी दहावीत होतो, पण पुस्तकापेक्षा गोठ्यात जास्त असायचो.

आता उशिराचं कारण.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका गावच्या मैदानात आमचा ठरलेला ड्रायव्हर आलाच नाही. तात्यांचा पाय तसा. मी सोळा वर्षांचा, अंगानं हलका, सरावाला छकडीवर बसलेला. "मी बसतो," म्हटलं. तात्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. गाडी तासावर नेताना ओळखीच्या एका पोरानं माझ्या दुसऱ्या हातात काहीतरी सरकवलं. "शेवटाला लाव. सगळेच लावत्यात." ती दाभण होती, पोतं शिवायची. टोक तेवढं बोटांतून बाहेर राहील अशी मोडलेली.

मी ती परत दिली नाही. फेकूनही दिली नाही. झेंडा पडला. निम्म्या पल्ल्याला आमची गाडी तिसरी होती. मी मागून हात नेला आणि उजवीकडच्या खोंडाला, म्हणजे तात्यांच्या खोंडाला, लावली. खोंड असं उसळलं की माझ्या पोटात गोळा आला. आम्ही गट जिंकला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं गेलं. ड्रायव्हरचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी वर एवढी तक्रार केली ना? माझं घेतलं होतं, आणि ते असं मिळवलेलं होतं.

सेमीला मी पुन्हा तसाच बसलो. या वेळी दाभण लावायची वेळच आली नाही. मी नुसता हात उचलला आणि खोंड बिथरलं. त्याला तो हात आता ठाऊक झाला होता. ते आडवं फुटून शेजारच्या तासात गेलं आणि पलीकडची गाडी कशीबशी वाचली. तिच्यावरही एक ड्रायव्हर होता, त्यालाही एक घर असणार. माझ्या डोळ्यांपुढं आठ वर्षांपूर्वीचं ते चाक आलं. आम्ही बाद झालो.

रात्री घरी तात्या खोंड धूत होते. मी कंदील धरून उभा होतो. पुठ्ठ्यावर वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता, अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा. तात्यांनी तो ओल्या फडक्यानं पुसला, हळद-तेल लावलं. पुष्कळ वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाले, "दाभण धरायचीच असंल तर पोती शिव. न्हाईतर पेन धर. कासऱ्याला तुझा हात आता लागायचा न्हाई."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या रात्रीपासून मी छकडीवर बसलो नाही. जूनमध्ये अकरावीला नाव घातलं. कॉलेजात कसा आलास, असं कुणी विचारलं तर मी 'शिक्षणाची आवड' म्हणून सांगतो. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितोय.

यानंतर मी न्यायालयाच्या निकालांबद्दल जरा नीट वाचलं. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटक यांचे कायदे ग्राह्य धरले. आपण म्हणतो, आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो? नव्या कायद्यानं आणि नियमांनी बैलाचा छळ कमी होईल, या भरवशावर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, हजार मीटरची कमाल मर्यादा, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना बंदी. परवानगीचे कागद कमिटी करते, तपासणी डॉक्टर करतो. पण झेंडा पडल्यावर या साऱ्या अटी एकाच माणसाच्या मुठीत असतात. तो म्हणजे ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं तो ड्रायव्हर. त्यानं मूठ उघडी ठेवली तर शर्यत राहील. त्यानं दाभण लपवली तर उद्या शर्यत पुन्हा बंद पडेल, आणि तेव्हा 'शहरातल्या लोकांना काय कळतंय' असं म्हणायला आपल्याला तोंड राहणार नाही. परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. नॉर्वेत घोडा पळवण्यासाठी चाबूक मारायला १९८२ सालापासून मनाई आहे. इंग्लंडात सपाटीच्या रेसमध्ये २०२३ पासून सहापेक्षा जास्त फटके चालत नाहीत. जगभर हाच हिशेब चालला आहे, की जनावर पळतं त्यात त्याची हौस किती आणि आपली किती.

बैलाला पळायची हौस असते का? आमच्या मराठीच्या मॅडमनी हा लेख वाचून हाच प्रश्न समासात लिहिला. मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सांगतो. तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम हलवून पुढं निघाली की बेलवाडीला गोल रिंगण होतं. आमच्यापासून ते हाकेच्या अंतरावर, म्हणून तात्या आणि मी दर वर्षी जातो. रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा मोकळा. त्याच्यावर कुणी बसत नाही, तो देवाचा. ना बक्षीस, ना बोली, ना चाबूक. भोवती टाळ-मृदंगाचा गजर, आणि तो मोकळा घोडा असा सुटतो की अंगावर काटा येतो. गेला की माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

यंदा रिंगण बघताना मी तात्यांना विचारलं, "तात्या, ह्याला कोण पळवतंय?"

तात्या म्हणाले, "पळणाऱ्याला पळवावं लागत न्हाई. आपण फकस्त आडवं यायचं न्हाई."

मला वाटतं, ड्रायव्हरकीचं सगळं शास्त्र यात आलं.

बघ्या म्हणून माझ्या यात्रा कमिट्यांकडं दोनच मागण्या आहेत. गाडी तासावर लागली की बैलाच्या आणि मालकाच्या नावाबरोबर ड्रायव्हरचं नाव पुकारा. आणि नाव पुकारलं की त्यानं दोन्ही हात वर करून पंजे उघडे दाखवावेत, पंचांना आणि आम्हा बघ्यांनाही. खर्च काही नाही.

या चैत्रात आमचं तेच खोंड, आता पुरता बैल झालेलं, पुन्हा मैदानात होतं. गाडीवर तात्यांनी तयार केलेला दुसऱ्या गावचा एक पोरगा होता. मी कडेला, डोक्यावर टॉवेल टाकून. गाडी गटात दुसरी आली, म्हणजे हरलीच. पोरगा उडी मारून बैलाच्या तोंडाकडं गेला. मी दोरी ओलांडून बैलाजवळ गेलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. त्याची कातडी थरथरली आणि ते अर्धं पाऊल बाजूला सरलं.

त्याला माझा हात अजून आठवतो. मी हात खाली घेतला आणि कासरा धरलेल्या पोराला त्याचं नाव विचारलं.

(द्वितीय वर्ष, कला)